गाऱ्हाण्याच्या कोंबड्या

आमच्या चाळीत कोंबडी फुकट मिळायची, पण ती घेण्याआधी देवासमोर शब्द द्यावा लागायचा. हा शब्द घेणारे गृहस्थ कुठल्या देवळाचे पुजारी नव्हते, बंद पडलेल्या गिरणीच्या लूमखात्यातले कामगार होते. चाळ त्यांना म्हाराज म्हणायची. मी काका म्हणायचे. त्यांना वेडा म्हणणारे काळाचौकीत अजून पुष्कळ सापडतील, वाईट म्हणणारेही दोन-चार निघतील. मी यांतलं काहीच म्हणत नाही, कारण त्यांचं शेवटी जे झालं त्यात माझाही हात आहे आणि ते मला नीट ठाऊक आहे.

उंच, पाठीत वाकलेला माणूस. अंगात कायम तोच खाकी शर्ट, त्याच्या दोन्ही खिशांत तांदळाची कणी. सांच्यांच्या, म्हणजे मागांच्या, खडखडाटात पंचवीस-तीस वर्षं गेल्यामुळे माणसांशी ते ओरडूनच बोलत. दुधाची पिशवी मागायला गेले तरी भांडण चाललंय असं वाटायचं. कोंबडीशी मात्र इतकं हळू बोलायचे की शेजारी बसलेल्यालाही ऐकू येऊ नये. बायको गिरण्यांच्या संपाच्या दुसऱ्या वर्षी मुलांना घेऊन गावी भावाकडे गेली, ती परत आली नाही. याबद्दल कोणी विचारलं तर म्हणायचे, "ती शाणी आसा."

माझी त्यांची खरी ओळख खोक्यांवरून झाली. मी तेव्हा हिंदमाताला एका साड्यांच्या दुकानात होते. संप सुरू झाल्यापासून आमच्या घरात पगार आणणारी मी एकटीच. साड्यांचे गठ्ठे ज्या पुठ्ठ्याच्या खोक्यांतून यायचे ती खोकी दुकानाच्या मागच्या बोळात पडलेली असत. एक दिवस काका दुकानात शिरले, भर गिऱ्हाइकांत, आणि ओरडून म्हणाले की चेडवा, माका खोके व्हये, भोकां पाडूक. शेटजी तीन ताड उडाले. एका बाईने हातातली पैठणी खाली ठेवली. मी मेल्याहून मेल्यासारखी झाले आणि त्यांना घाईघाईने मागच्या बोळात नेलं. तिथे त्यांनी प्रत्येक खोकं उलटंसुलटं करून पाहिलं, तळाला दाबून पाहिलं, नवरी मुलगी पाहायला आल्यासारखं. चार पसंत केली. मी विचारलं, कशाला? तर म्हणाले, रविवारी ये, बघ.

मी गेले. परोपकाराची ओढ वगैरे काही नव्हती. रविवारी दिवसभर घरात बसून बाबांचा खोकला ऐकण्यापेक्षा कुठेही गेलेलं बरं, एवढंच होतं.

गिरणी बंद झाल्यावर काकांनी कोंबड्यांच्या टेम्पोवर हमाली धरली होती. घाटाखालच्या पोल्ट्र्यांमधून माल उचलायचा आणि लालबाग-परळच्या दुकानांना घालायचा. मांसासाठीच वाढवलेल्या बॉयलर कोंबड्यांबद्दल त्यांचं काही म्हणणं नव्हतं. पण अंड्यांच्या पोल्ट्रीत दीड वर्षांनी पिंजरे रिकामे करतात, त्या दिवशी त्यांना पहिल्यांदा पाठवलं गेलं. एवढ्या काळात त्या कोंबड्या एका जागी तारेवर उभ्या असतात. अंडी कमी झाली की पायाला धरून ओढून काढतात आणि स्वस्तात खानावळींना विकतात. ओढताना हाडं मोडतात, कारण हाडांतला सगळा चुना अंड्यांत गेलेला असतो. हे मला काकांनीच सांगितलं, आणि सांगताना पहिल्यांदाच त्यांचा आवाज माणसासारखा खाली आला. त्या दिवसापासून त्यांनी टेम्पोवाल्याशी ठरवून टाकलं, की माझ्या मजुरीतला काही भाग कोंबड्यांत दे. टेम्पोवाल्याला काय, तो आनंदाने तयार झाला.

त्या कोंबड्या मी पहिल्यांदा पाहिल्या तेव्हा मला किळस आली. खोटं कशाला बोलू? मान उघडी, लालबुंद, सोललेल्यासारखी. तुरा पांढरट, एका डोळ्यावर पडलेला. चोचीचं टोक लहानपणीच कापून टाकलेलं. नखं वाढून तारेभोवती वळली होती तशीच वळून राहिलेली. खोक्याचं झाकण उघडलं तरी एकही बाहेर येईना. काका म्हणाले, तिका बाहेर काय असता ता म्हायती नाय.

चाळीच्या मागे, गिरणीच्या भिंतीला लागून मातीचा एक पट्टा होता. दोन पपया, एक तगर आणि बाकी कचरा. काका आधी तो पट्टा झाडायचे. मग एकेक कोंबडी खोक्यातून उचलून मातीवर ठेवायचे आणि तिच्यासमोर उकिडवे बसायचे. कोंबडी दगडासारखी उभी. अर्धा तास, तास. मग काका हाताची बोटं वाकवून जमीन उकरायला लागायचे. दोनदा उकरायचं, मान वाकवून बघायचं, एक पाऊल मागे. पुन्हा दोनदा. "असां कर गे बाय. असां. उकर." गॅलरीतून पोरं हसायची, बायका पदर तोंडाला लावायच्या. साठीच्या घरातला माणूस भर उन्हात कोंबडीला कोंबडीपण शिकवतोय, हसू येणारच. मलाही यायचं. पण कधी दुसऱ्या, कधी चौथ्या दिवशी ती कोंबडी एक पाय उचलायची, मातीवर ओढायची, आणि आपणच केलेल्या त्या खळग्याकडे दचकून बघायची. तेव्हा कोणी हसायचं नाही.

माझं काम कोंबड्यांची नखं कापायचं. कोमट मिठाच्या पाण्यात पाय भिजवायचे, साड्यांच्या दुकानातली कात्री वापरायची, मग मानेला खोबरेल तेल आणि हळद. दोन वर्षं माझ्या हातांना रविवारी हळदीचा वास असायचा, आणि सोमवारी शेटजी नाक वाकडं करून विचारायचे की कोणाची हळद होती.

तयार झालेली कोंबडी मग चाळीतल्या घरांत द्यायची. आमच्याकडे सगळी कोकणातली माणसं, कोंबडी बांबूच्या डालग्याखाली झाकायची कशी ते कोणाला शिकवावं लागत नव्हतं. पण पहिल्या चार कोंबड्या काकांनी नुसत्या तोंडी बोलीवर दिल्या, की सांभाळा, कापूची नाय. आठ दिवसांत एका घरी जावई आला आणि दुसऱ्या घरी मुंबई बघायला गावचा पाहुणा. कोंबडीबरोबरचे वडे तळल्याचा वास सगळ्या मजल्यावर आला. तिसऱ्या दिवशी काकांनी जाहीर केलं की यापुढे कोंबडी गाऱ्हाणं घालून मिळेल.

गाऱ्हाणं म्हणजे देवाला खड्या आवाजात घातलेलं साकडं. एकाने बोलायचं, बाकीच्यांनी प्रत्येक वाक्याला "होय म्हाराजा" म्हणायचं. काकांचं घराणं गावात गाऱ्हाण्याचं मानकरी. राखणदाराला, म्हणजे गावाची राखण करणाऱ्या देवाला, वर्षाचा कोंबडा देताना बोलायचं यांनी आणि सुरी चालवायचीही यांनीच. चाळीच्या फाटकाशी पिंपळाखाली राखणदाराचा दगड आहे, तिथेही हा मान त्यांच्याकडेच आला. संप सुरू झाला त्या आठवड्यात त्याच पिंपळाखाली त्यांनी गाऱ्हाणं घातलं होतं, की येत्या गणेश चतुर्थीच्या आत गिरणीचा भोंगा वाजू दे. सगळी चाळ "होय म्हाराजा" म्हणाली होती. माझे बाबा सगळ्यांत मोठ्याने. ती चतुर्थी गेली, पुढची गेली, भोंगा काही वाजला नाही. त्यानंतर काकांनी देवापुढे तोंड उघडलं नव्हतं ते कोंबडीसाठी उघडलं.

ते गाऱ्हाणं ऐकण्यासारखं असायचं. कोंबडी काखेत, समोर घरातली सगळी माणसं हात जोडून. "बा देवा म्हाराजा, आज ही मुकी कोंबडी ह्या घरात येता. तिका सांभाळून घे. ह्या घरातल्या कोणी तिच्या मानेक हात लावल्यान, तर तेका तूच बघून घे रे म्हाराजा." लोक "होय म्हाराजा" म्हणायचे, पण दबकत. काका मला एकदा म्हणाले होते, एक तरी गाऱ्हाणां खरां होऊंदे. आणि झालंही. दोन वर्षं कोणाच्या सुरीची हिंमत झाली नाही. गटारीला नाही, शिमग्याला नाही. चाळीत अकरा कोंबड्या होत्या.

दर रविवारी ते तपासणीला निघत. दारात उभे राहून माणसांकडे न बघता आधी कोंबडीचे पाय बघायचे. खायला सपाट ताटलीत दिलेलं दिसलं की संपलं, कापलेल्या चोचीने सपाटावरचा दाणा उचलता येत नाही, खोल वाटी लागते, हे ते प्रत्येक घरात शंभरदा ओरडून सांगत. एका घरी बारशाची तयारी चालली होती, पाळणा सजला होता. काका आत गेले, कोंबडीची वाटी बघितली, बाईला झापली आणि बाळाकडे एक नजर न टाकता बाहेर आले. ते घर त्यांच्याशी महिनाभर अबोला धरून होतं. काकांना ते कळलंच नसावं.

एकदा दादरहून एक बाई आल्या होत्या. प्राण्यांवर दया करणाऱ्या कुठल्याशा मंडळातल्या, छान बोलणाऱ्या. मातीच्या पट्ट्याशी खुर्ची टाकून बसल्या आणि म्हणाल्या, तुमच्यासारख्या काढून टाकलेल्या कामगाराला या कोंबड्यांमध्ये स्वतःचं रूप दिसत असेल, नाही का? काकांनी त्यांना प्रश्न पुन्हा विचारायला लावला. मग म्हणाले, "बाई, मी अंडी घालत नाय." बाईंनी वही मिटली. मला ते उत्तर तेव्हा निव्वळ तिरसटपणाचं वाटलं. आता वाटतं की त्यांना खरोखरच तसं काही दिसत नव्हतं. त्यांना कोंबडी दिसत होती, एवढंच.

आमच्या घरची कोंबडी मीच आणली होती. तिने पहिल्यांदा ऊन खाल्लं तो दिवस मला आठवतो. गॅलरीत एका कुशीवर आडवी पडली, एक पंख पसरलेला, डोळे अर्धे मिटलेले. आई ओरडली, मेली गे मेली. बाबा खाटेवरून हसले. संपानंतर त्यांना मी हसताना पाहिलं ते तेव्हाच. कोंबडी त्यांच्या खाटेखाली बसायला लागली. त्यांना खोकल्याची उबळ आली की उठून दोन पावलं दूर जायची, थांबली की परत यायची. मानेवर तांबूस पिसं आली, तुरा लाल झाला. अंडी म्हणाल तर आठवड्याला दोन, नंतर तीही बंद झाली.

बाबांना टीबी निघाला होता. दवाखान्यातून गोळ्या मिळत, पण त्यांनी मळमळतं म्हणून ते त्या उशीखाली लपवत, हे मला फार उशिरा कळलं. रक्त पडायला लागलं तेव्हा. मी त्या दिवसापासून समोर उभी राहून गोळ्या गिळायला लावू लागले. आईने मात्र गावी मामाला पत्र टाकलं, देवाला कौल लावून विचार म्हणून.

मामाचं उत्तर पंधरा दिवसांत आलं. देवाने सांगितलं होतं की मुंबईत तुमच्याकडून बोललेलं एक देणं राहून गेलंय. जिवाचं देणं आहे, ते अडकलंय म्हणून घरचा माणूस अडकलाय.

आईने पत्र घडी घालून ठेवलं आणि खाटेखाली बघितलं. तिचं म्हणणं सरळ होतं, आणि आमच्या माणसांच्या हिशेबाने त्यात काही चूक नव्हती. गावी ज्या जिवाला पुढ्यात धरून गाऱ्हाणं घालतात तो जीव देवाचा होतो. तो मग द्यायचा असतो. सांभाळण्यासाठी कोणी गाऱ्हाणं घालतं, हे कुणाच्या बापजन्मी ऐकलेलं नाही. "देवाचा नाव घेऊन घरात हाडलां आणि दोन वर्सां बांधून ठेवलां," आई म्हणाली. "तो वाट बघता हा." मी म्हटलं, अगं, काका तर उलट बोलले होते. ती म्हणाली, देव शब्द ऐकत नाही, काखेतलं जनावर बघतो.

पत्र शेजारी वाचून दाखवलं गेलं, मग वरच्या मजल्यावर. आणि ज्यांच्या ज्यांच्या घरी कोंबडी होती त्यांना आपापलं दुखणं आठवलं. कोणाचा मुलगा दारूला लागला होता, कोणाच्या मुलीचं ठरलेलं लग्न मोडलं होतं. त्या वर्षांत आमच्या चाळीत ज्या घरावर काही कोसळलं नव्हतं असं घर दाखवा. पण आता प्रत्येकाला आपल्या संकटाचं कारण डालग्याखाली बसलेलं दिसायला लागलं.

आई काकांकडे गेली. मी मागे उभी होते. काका आधी हसले, मग त्यांना कळलं की ही गंमत करत नाही. त्यांनी सांगितलं की राखणदाराला कोंबडा लागतो, कोंबडी चालत नाही, हे तुलाही माहीत आहे. आई म्हणाली, "भावजी, तुमीच कोंबडेर गाऱ्हाणां घातलात. कोंबडी चलता ह्या तुमीच ठरवलात." काकांनी नारळावर सोडवू म्हणून पाहिलं. जिवाच्या जागी नारळ देऊन देव फसत नाही, असं आईने सांगितलं. शेवटी ती म्हणाली की ज्या तोंडाने बांधलं त्याच तोंडाने सोडवावं लागतं, नाहीतर मी तुमच्या पायावर डोकं आपटते. काका दार लोटून निघून गेले.

संध्याकाळी आईने मला पाठवलं. तुझां ते ऐकतले, म्हणाली. ते मातीच्या पट्ट्यावर होते, नवीन आणलेल्या एका कोंबडीसमोर उकिडवे. मी जाऊन शेजारी बसले. बराच वेळ त्यांनी उकरणं थांबवलं नाही.

मग म्हणाले, "तुझो बापूस आणि मी बाजूबाजूच्या सांच्यार होतो. तो जगाक व्हयो, ह्या माका कळता. पण तू शिकलली आसस. तुका काय वाटता, कोंबडी कापून तो जगतलो?"

मी ओढणीच्या टोकाला गाठ मारली.

"तू सांग. तू नाय म्हटलंस, तर मी करूचंय नाय. तुझ्या आवशीन डोक्या फोडून घेतल्यान तरी करूचंय नाय."

मला गोळ्यांचं ठाऊक होतं. बाबा गोळ्या घ्यायला लागून तीन आठवडे झाले होते, ताप उतरू लागला होता, हेही मला ठाऊक होतं. फक्त एक शब्द बोलायचा होता. पण घरी आईचा चेहरा होता, आणि समजा मी नाही म्हटलं आणि बाबा गेले, तर तो चेहरा मला जन्मभर बघावा लागला असता. मी म्हटलं, "आईचं समाधान होईल, काका."

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. नवीन कोंबडीला उचलून खोक्यात ठेवली आणि म्हणाले, परवा अमावास्या आसा, दुपारी हाडा.

मी बाबांना सांगितलं. खाटेच्या कडेवरून हात खाली सोडून त्यांनी कोंबडीच्या पाठीवरून एकदा बोट फिरवलं आणि भिंतीकडे वळून झोपले. ज्याला जगायचं आहे त्याने काय बोलावं?

अमावास्येच्या दुपारी आम्ही पिंपळाखाली गेलो. काकांना वाटलं होतं एकच असेल. मलाही वाटलं होतं. फाटकाशी रांग लागली होती. पदराखाली, पिशवीत, पोराच्या कडेवर, अकराच्या अकरा कोंबड्या. भरल्या अंगाच्या, लाल तुऱ्याच्या. माणसांना सरावलेल्या, त्यामुळे एकही ओरडत नव्हती. आमची माझ्या काखेत होती आणि खिशातली कणी शोधावी तशी माझ्या ओढणीत चोच खुपसत होती.

काकांनी रांग बघितली. पळून जातील असं मला वाटलं. एकाने पुढे होऊन म्हटलं, म्हाराज, जमत नसेल तर दुकानातला माणूस बोलावतो, तुम्ही नुसतं बोला. तेव्हा ते म्हणाले, "दुसऱ्याचो हात लावूक देवचंय नाय." आणि आमची माझ्याकडून घेतली.

आधी त्यांनी तिचे पाय बघितले. मग पोटाखालून हात घालून तिला छातीशी धरली आणि त्या खड्या आवाजात सुरुवात केली. "बा देवा म्हाराजा, ह्या तोंडान जां बोललंय तां ह्याच तोंडान परत घेतंय. चुकी माझी आसा, ह्या मुक्या जिवाची नाय. ह्या घरातल्या माणसाक सोडव रे म्हाराजा." आम्ही म्हटलं, होय म्हाराजा. मीही म्हटलं. त्यांचा हात इतका हलका होता की तिने पंखही मारला नाही.

दुसरी आली, तिसरी आली. प्रत्येकीचे पाय बघून, प्रत्येकीला छातीशी धरून, प्रत्येकीसाठी पुरं गाऱ्हाणं. सातव्या-आठव्याला त्यांचा आवाज गेला. नुसते ओठ हलत होते. लोक अंदाजाने होय म्हाराजा म्हणत होते. अकरावी झाल्यावर त्यांनी सुरी नळावर धुतली, हात धुतले, आणि जिना चढून वर गेले. नवीन आणलेली कोंबडी खोक्यात तशीच होती. ती कोणी नेली मला माहीत नाही.

त्या संध्याकाळी सगळ्या चाळीत स्टोव्ह पेटले. कितीतरी महिन्यांनी खोबरं भाजल्याचा वास आला. मटण काही शिजता शिजेना, अंड्यावरची कोंबडी ती, चिवट. पोरं ताटं घेऊन बसून राहिली, पण आनंदात होती. मानकऱ्याचा वाटा म्हणून आईने एक वाडगा काकांच्या दाराशी ठेवून दिला. दार उघडलं नाही. मी जेवले का? जेवले. बाबाही जेवले. भूक होती.

बाबा त्यानंतर नऊ वर्षं जगले. आई मरेपर्यंत म्हणत राहिली की अमावास्येपासून उतार पडला. गोळ्यांचं मी एक-दोनदा बोलून पाहिलं, मग सोडून दिलं. ज्याचा मुलगा दारूला लागला होता तो दारूतच गेला, मोडलेलं लग्न काही जुळलं नाही, आणि भोंगा तर वाजलाच नाही. त्याबद्दल कोणी काही बोललं नाही. काकांशी लोक पूर्वीपेक्षा अदबीने वागायला लागले. त्यांना ते सहन होत नव्हतं बहुतेक, कारण ते खोली विकून लालबागला कुणा गाववाल्याकडे पोटमाळ्यावर राहायला गेले. जाताना मला भेटले नाहीत. मीही गेले नाही. रोज जाईन जाईन म्हणत दीड वर्ष गेलं.

मग दुकानात कोणीतरी सांगितलं की तुमचे ते म्हाराज लालबागला कोंबडीच्या दुकानात कापायला बसतात. माझा विश्वास बसेना. एका रविवारी मी ठरवून निघाले. घरून चालतच गेले, वाटेत वाक्यं जुळवत. काका, माझं चुकलं. काका, मी त्या दिवशी नाही म्हणायला हवं होतं. माझ्या तोंडात शब्द होता आणि मी तो गिळला. इतकं पाठ केलं होतं की ओठ हलत असावेत, समोरून येणारी माणसं बघत होती.

दुकान गल्लीच्या तोंडाशीच होतं. एका बाजूला बॉयलरचे पिंजरे, दुसऱ्या बाजूला पोल्ट्रीतून आलेला क्रेट, आणि त्यात त्याच उघड्या मानेच्या, पडल्या तुऱ्याच्या कोंबड्या. काका ओट्यामागे बसले होते. तोच खाकी शर्ट, वरून रबराचा एप्रन. मालक एका गिऱ्हाइकाला सांगत होता की म्हातारा हाताचा चांगला, पण फार वेळ लावतो, एकेकीला मांडीवर घेऊन बसतो, धंद्याच्या टायमाला परवडत नाही. काकांनी क्रेटमधून एक काढली. तिची वळलेली नखं बोटांनी सरळ केली. पोटाखाली हात घालून छातीशी धरली, तिचं अंग सैल पडेपर्यंत थांबले. हळू काहीतरी बोलले, मला ऐकू आलं नाही. मग केलं. तिने पंख मारला नाही.

मी पुढे झाले. त्यांनी मला ओळखलं. आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. मी तोंड उघडायच्या आत तेच बोलले, आणि ओरडून नाही. "दुसरो कापता तेव्हा तेंका कळता गे. मी धरलंय म्हणजे कळत नाय."

मला तिथेच बोलायला हवं होतं. पण माझ्या मागे दोन बायका पिशव्या घेऊन खोळंबल्या होत्या आणि मालक मला विचारत होता, बोला ताई, काय देऊ?

मी म्हटलं, "एक द्या. लहान बघून."

काकांनी क्षणभर माझ्याकडे बघितलं आणि क्रेटमध्ये हात घातला. लहान बघून काढली. तिला छातीशी धरून मला विचारलं, "बारीक तुकडे करू?"

मी हो म्हटलं.